टाकीतल्या शेवाळाचा जमाखर्च

माशांचे कोरडे खाद्य एक ग्रॅम म्हणजे जेमतेम दोन चिमटी. त्यात साधारण ४५ टक्के प्रथिने धरली तर सुमारे ७० मिलिग्रॅम नायट्रोजन येतो आणि फॉस्फरस एक टक्क्याच्या आसपास, म्हणजे १० मिलिग्रॅम. दोनशे लिटरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत हे एक ग्रॅम पडले आणि त्यातले काहीच बाहेर गेले नाही, तर लिटरमागे नायट्रेट दीड मिलिग्रॅमने वाढते आणि फॉस्फेट ०.१५ मिलिग्रॅमने. प्रवाळ बेटांभोवतीच्या स्वच्छ समुद्रात फॉस्फेट लिटरमागे ०.०१ ते ०.०२ मिलिग्रॅमच्या घरात असते. तेव्हा दोन चिमटींत समुद्राच्या दसपट फॉस्फेट आपण आपल्या हाताने टाकीत सोडतो, आणि तेही रोज. मासे त्यातले थोडे अंगी लावतात. उरलेले विष्ठेतून, मूत्रातून आणि न खाल्लेल्या कणांतून पाण्यात उतरते. घरातल्या खाऱ्या टाकीत शेवाळ का माजते या प्रश्नाचे बरेचसे उत्तर या आकड्यांतच आहे.

अंधेरी ते बोरिवली आणि घाटकोपर ते मुलुंड या पट्ट्यातल्या वन बीएचके घरांतही आता खाऱ्या पाण्याची टाकी दिसू लागली आहे. समुद्रातले रंगीत मासे पाहायचे तर १९५१ साली मरीन ड्राइव्हवर सुरू झालेले तारापोरवाला मत्स्यालय गाठायचे, ही उपनगरातल्या कितीतरी पिढ्यांची सवय होती. आज कृत्रिम मीठ, एलईडी दिवे, पंप, सगळे क्रॉफर्ड मार्केटात किंवा कुर्ल्यात मिळते, नाहीतर घरपोच येते. टाकी लागते, पहिले दोन आठवडे सगळे झळझळीत असते. मग वाळूवर तपकिरी थर धरतो, दुसऱ्या महिन्यात दगडांवर हिरवे केस उगवतात आणि घरातले माणूस दुकानात जाऊन विचारते, यावर औषध काय? दुकानदार बाटली काढून देतो. त्या बाटलीने दोन आठवडे बरे वाटते, तिसऱ्या आठवड्यात शेवाळ परत.

या प्रश्नावर गेल्या साठेक वर्षांत जगभरातल्या हौशी लोकांनी आणि शास्त्रज्ञांनी पुष्कळ डोके लावले आहे. पद्धती आल्या, त्यांचे पंथ झाले, त्यांच्यात वाद झाले. ते सगळे बाजूला ठेवून पाहिले तर माझे मत एकच होते: शेवाळ मारून टाकी सुधारत नाही, जमाखर्च जुळवल्याने सुधारते. आत काय येते, बाहेर काय जाते, आणि मधल्या शिलकीवर कोण जगते, एवढेच पाहायचे असते. शेवाळ कुठेतरी वाढणारच. ते आपण ठरवू त्या जागी वाढवून तिथून उपसून काढता आले, की दगड मोकळे होतात.

हाच हिशेब आपल्या दाराशी मोठ्या प्रमाणावर चालू असतो. मुंबईच्या सांडपाण्याचे पालिकेने सात विभाग केले आहेत. त्यातले वर्सोवा, मालाड, भांडुप आणि घाटकोपर हे चारही उपनगरांतले. भांडुप आणि घाटकोपरचे पाणी ठाण्याच्या खाडीत जाते, वर्सोव्याचे मालाडच्या खाडीत. या पाण्यातला नायट्रोजन आणि फॉस्फरस खाडीच्या चिखलावर शेवाळाचा थर पोसतो आणि त्या थरावर छोटे रोहित पक्षी जगतात, कारण नीलहरित शेवाळ आणि डायटम हेच त्यांचे खाणे. २०१५ साली ठाणे खाडीला रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून घोषित केले गेले, २०२२ साली तिला रामसर दर्जा मिळाला. मुलुंड-ऐरोली पुलावरून हिवाळ्यात दिसणारी ती गुलाबी गर्दी काही अंशी आपल्या मोऱ्यांच्या पाण्यावर पोसलेली आहे.

यातून टाकीवाल्याने घ्यायची पहिली गोष्ट अगदी व्यवहारातली आहे. मिठाचा खर्च वाचवण्यासाठी वर्सोवा, मार्वे, गोराई इथून कॅन भरून पाणी आणायची टूम अधूनमधून निघते. समुद्राचे पाणी खरेच, पण किनाऱ्यालगतचे पाणी खाडीचा गाळ आणि पोषके घेऊन आलेले असते, आणि पावसाळ्यात त्याची क्षारताही उतरलेली असते. दूर समुद्रातून बोटीने आणलेले, गाळलेले आणि काही दिवस अंधारात मुरवलेले पाणी ही वेगळी गोष्ट. चौपाटीवर गुडघाभर पाण्यात कॅन बुडवून आणलेले पाणी टाकीत ओतले, तर पहिल्याच दिवशी हिशेब बिघडतो.

शेवाळाचा आढावा घ्यायचा तर आधी ते ओळखले पाहिजे, कारण टाकीत वाढणाऱ्या प्रत्येक हिरव्या-तपकिरी-लाल गोष्टीला आपण शेवाळ म्हणतो आणि एकाच उपायाला लागतो. नव्या टाकीत पहिला येतो तो तपकिरी भुकटीसारखा थर. तो डायटमचा. बोटाने पुसला की निघतो. डायटमला कवचासाठी सिलिका लागते. पाण्यातली आणि नव्या वाळूतली सिलिका संपली की तो आपोआप ओसरतो. त्याच्यासाठी काही करू नये. काचेवर दोन-तीन दिवसांनी धरणारा हिरवा पापुद्राही निरुपद्रवी, चुंबकाच्या घासणीने काढायचा आणि विसरायचा.

हिरवे केस मात्र शिलकीची खूण. डर्बेसिया, क्लॅडोफोरा अशा वेगवेगळ्या वंशांची ही मंडळी दिसायला सारखीच. पिसासारख्या फांद्या असल्या तर ते ब्रायोप्सिस, आणि ते सगळ्यांत चिवट. मटारापासून लिंबाएवढे हिरवे चकचकीत फुगे दिसले तर ते व्हॅलोनिया किंवा त्याचे भाऊबंद. यातला एकेक फुगा म्हणजे एकच पेशी असते, आणि जगातल्या सर्वांत मोठ्या पेशींत त्यांची गणना होते. फुगा फोडला की बीजाणू पसरतात की नाही यावर मतभेद आहेत. मी म्हणतो, फोडू नये, दगड बाहेर काढून मुळाशी चिमटा लावावा, वाद घालायची वेळच येत नाही. लालसर जांभळी साय, जी एका कोपऱ्यातून उचलली तर चादरीसारखी सुटून येते, ती शेवाळ नाहीच. ते सायनोबॅक्टेरिया, म्हणजे जिवाणू. पाण्याचा प्रवाह जिथे मंद आणि गाळ साचलेला, तिथे ती साय धरते. नायट्रेट अगदी कमी आणि फॉस्फेट भरपूर असले तरी तिचे फावते, कारण तिच्यातल्या काही जाती हवेतला नायट्रोजन स्वतः बांधून घेतात. दगडांवर गुलाबी-जांभळा चुन्यासारखा कडक थर चढू लागला तर आनंद मानावा. ते कोरलाइन शेवाळ, आणि त्याने व्यापलेल्या जागेवर हिरव्या केसांना सहजी पाय रोवता येत नाहीत.

एक प्रकार मुद्दाम वेगळा सांगतो, कारण तो बहुधा चांगल्या हेतूतून येतो. तपकिरी चिकट तारा, त्यांत अडकलेले हवेचे बुडबुडे, दिवे लागले की दुपारपर्यंत वाढणारा आणि रात्री जवळजवळ नाहीसा होणारा तो थर डायनोफ्लॅजेलेट्सचा. नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्यावर आणण्याच्या नादात अनेक जण त्याला आमंत्रण देतात. पाण्यात कुणालाच खायला उरले नाही की साधे शेवाळ आणि उपयोगी जिवाणू मागे पडतात आणि हे पुढे सरकतात. त्यांच्यातल्या ऑस्ट्रिओप्सिससारख्या वंशाची विषे गोगलगाईंना मारतात. शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तसा साधा सूक्ष्मदर्शक मिळाला तर एका थेंबात त्यांची ओळख पटते आणि ते करणे फायद्याचे असते. ऑस्ट्रिओप्सिस रात्री पाण्यात सुटतो, त्यामुळे अतिनील दिव्याच्या नळीतून पाणी फिरवले की मरतो. ॲम्फिडिनियम वाळूतच बसून राहतो, त्याच्यावर त्या दिव्याचा फारसा उपयोग नाही. उपाय ऐकून लोक दचकतात: लिटरमागे नायट्रेट मुद्दाम ५ ते १० मिलिग्रॅम, फॉस्फेट ०.०५ ते ०.१ मिलिग्रॅमपर्यंत वाढवायचे. शून्य हे ध्येयच नव्हे. मासे आणि थोडेफार मऊ प्रवाळ असलेल्या टाकीत नायट्रेट २ ते १० आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ इतके राहिले तर मी त्या टाकीला निरोगी म्हणेन, काचेवर थोडे हिरवे असले तरी.

चाचणीच्या किटबद्दल एक सावधगिरी. दगडांवर शेवाळ बोटभर वाढलेले आणि किट फॉस्फेट शून्य दाखवते, असे पुष्कळदा होते. किट बिघडलेले नसते. पाण्यात उतरलेले फॉस्फेट शेवाळाने त्याच तासात उचललेले असते. अशा वेळी आकड्यापेक्षा डोळ्यांवर विश्वास ठेवावा.

आता पाणी. या बाबतीत उपनगरे नशीबवान आहेत. तानसा, मोडकसागर, मध्य आणि ऊर्ध्व वैतरणा, भातसा, विहार आणि तुळशी या सात तलावांचे पाणी मुख्यतः भांडुप आणि पांजरापूरच्या जलशुद्धीकरण केंद्रांतून येते, ते मऊ असते आणि त्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण, बहुधा शंभराच्या आत असतो. त्यामुळे पुष्कळ जण म्हणतात, क्लोरीन उडवले की झाले, आरओ कशाला? टाकी भरताना एकदा वापरण्याइतपत ते चालूनही जाईल. अडचण येते ती रोजच्या भरीत. मुंबईच्या हवेत पंखा लावलेल्या दोनशे लिटरच्या टाकीतून दिवसाला तीनेक लिटर पाणी उडते, म्हणजे महिन्याला नव्वद. उडते ते निव्वळ पाणी, त्यातले क्षार मागे राहतात. वर्षभर नळाचे पाणी भरले तर हजार लिटरहून जास्त पाण्यातला सगळा ऐवज दोनशे लिटरात गोळा होतो.

शिवाय आपले तलाव सह्याद्रीच्या बेसाल्टच्या कुशीत आहेत आणि बेसाल्ट झिजतो तेव्हा सिलिका सोडतो. डायटमचा थर महिनोन्महिने हटत नसेल तर संशय इथे घ्यावा. गंमत अशी की विरघळलेली सिलिका वीज जवळजवळ वाहून नेत नाही, त्यामुळे टीडीएस मीटरला ती दिसतच नाही. आरओच्या पडद्यातूनही ती क्षारांपेक्षा जास्त निसटते. तिला अडवायला पुढे डीआय, म्हणजे आयन काढून घेणाऱ्या रेझिनचा टप्पा लागतो, आणि रेझिन थकले की सर्वांत आधी निसटून जाते ती हीच. मीटर अजून शून्य दाखवत असतो आणि टाकीत तपकिरी थर परतलेला असतो. स्वयंपाकघरातला आरओ वापरणाऱ्यांनी एवढे पाहावे की त्यात चव येण्यासाठी मूळ पाणी मिसळणारा टीडीएस कंट्रोलर किंवा खनिजांची नळी असते. टाकीसाठीचे पाणी त्याच्या आधीच्या तोंडातून घ्यावे लागते.

खरा घोळ उन्हाळ्याच्या शेवटी होतो. तलाव तळाला जातात, पालिका पाणीकपात लावते (२०२४ च्या जूनमध्ये ती १० टक्के होती), आणि सोसायट्या टँकर मागवतात किंवा बोअरवेलचे पाणी टाकीत सोडतात. सकाळी नळाला येणारे पाणी कालचे की टँकरचे हे वरच्या मजल्यावर कुणालाच कळत नाही, आणि त्याचा टीडीएस कित्येक शेकड्यांत असू शकतो. त्या एका महिन्यात डीआय रेझिन एरवीच्या कितीतरी पट वेगाने संपते. मे आणि जूनमध्ये टीडीएस मीटर आरओच्या आधी आणि नंतर, दोन्ही ठिकाणी रोज बुडवून पाहावा. वॉचमनकाकांना विचारले तरी टँकर आला की नाही ते समजते.

तरीसुद्धा पाणी हा हिशेबातला धाकटा भाग आहे, थोरला भाग खाद्याचा. सुरुवातीचे आकडे पुन्हा डोळ्यांपुढे आणले तर कळेल की नळाच्या पाण्यातले फॉस्फेट महिनाभरात जेवढी भर घालते, तेवढी दोन दिवसांचे खाद्य सहज घालते. मासे सतत उपाशी दिसतात, काचेपाशी येऊन तोंड उघडतात, आणि घरातले प्रत्येक माणूस येताजाता चिमूट टाकते. आजी सकाळी, मुले शाळेतून आल्यावर, बाबा रात्री. डबा एकाच्याच ताब्यात असावा, हा मला सगळ्या यंत्रांहून मोलाचा उपाय वाटतो. गोठवलेले मायसिस किंवा आर्टेमिया देत असाल तर ते चहाच्या गाळणीत वितळवून त्याचा रस फेकावा. दोन मिनिटांत संपेल एवढेच टाकावे. प्रौढ माशांना आठवड्यातून एक दिवस उपास पडला तर काही बिघडत नाही.

सर्वांत जास्त खाद्य टाकीत कधी पडते? मालक घरी नसतो तेव्हा. गणपतीला गावी गेलो, मेमध्ये कोकणात गेलो, किल्ली शेजारच्या काकूंकडे. काकू प्रेमळ असतात, माशांची त्यांना दया येते. आठ दिवसांनी परत यावे तर पाणी दुधाळ आणि दगड हिरवे. याला सोपी तोड आहे. एकेका दिवसाचे खाद्य कागदाच्या छोट्या पुड्यांत बांधायचे, पुडीवर वार लिहायचा, मोठा डबा कपाटात कुलूपबंद. ‘काकू, रोज एकच पुडी, रविवारी काहीच नाही’ एवढे सांगितले की काम झाले. आठ दिवसांसाठी चारच पुड्या ठेवल्या तरी धष्टपुष्ट माशांचे भागते.

जमेची बाजू आवरली तरी खर्चाची बाजू हवीच. इथे जगाचा अनुभव कामी येतो. १९६१ साली इंडोनेशियातल्या ली चिन एंग यांनी आपली पद्धत प्रसिद्ध केली: समुद्रातले जिवंत दगड, हवेचे बुडबुडे आणि सूर्यप्रकाश, बाकी काही नाही. दगडांतल्या जिवाणूंवर भिस्त ठेवण्याची कल्पना तिथून रुजली. पुढे बर्लिनच्या हौशी मंडळींनी जिवंत दगडांना जोरकस प्रोटीन स्किमरची जोड दिली. स्किमर खाऱ्या पाण्यात बारीक बुडबुड्यांचा फेस करतो आणि त्या फेसाला चिकटलेले सेंद्रिय पदार्थ सडण्याआधीच कपात काढतो. त्याचे काम तेवढेच. आधीच तयार झालेले नायट्रेट-फॉस्फेट त्याला धरता येत नाही, हे विकत घेताना कुणी सांगत नाही. मोनॅकोत जाँ जोबेर यांनी जाड वाळूच्या तळाखाली पोकळी ठेवून तिथल्या कमी ऑक्सिजनमध्ये नायट्रेटचे विघटन घडवले. वाळूचा जाड थर मुंबईच्या उकाड्यात सांभाळणे जोखमीचे, असे मला वाटते. गरम पाण्यात ऑक्सिजन आधीच कमी, त्यात वीज गेली की तळाची परिस्थिती झपाट्याने बिघडते. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई आणि परिसराची वीज गेली आणि काही भागांत ती कित्येक तास आली नाही, तो दिवस टाकीवाल्यांनी ध्यानात ठेवावा. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घरात असलाच पाहिजे. एक मोठा मासा मेला आणि वेळेत दिसला नाही, तर महिन्याच्या खाद्याएवढी भर एका रात्रीत पडते.

पाणी बदलणे हा उपाय सगळे सांगतात आणि तो आवश्यकही आहे, पण त्याच्याकडून अपेक्षा बेताची हवी. दहा टक्के पाणी बदलले तर ४० चे नायट्रेट ३६ होते, बस. फॉस्फेटचे तर तेवढेही होत नाही, कारण चुनखडीचे दगड आणि वाळू फॉस्फेट धरून ठेवतात आणि पाण्यातले प्रमाण उतरले की सोडू लागतात. जुन्या टाकीत कितीही पाणी बदलले तरी आकडा दोन दिवसांत परत जागेवर येतो, त्याचे कारण हे. तिथे लोहाच्या ऑक्साइडचे दाणे काही महिने वापरावे लागतात, आणि तेही थोडथोडे. एकदम भरपूर टाकून फॉस्फेट शून्यावर आणले की वर सांगितलेले डायनोफ्लॅजेलेट्स दार ठोठावतात. पाण्यात व्होडका किंवा व्हिनेगरचे थेंब घालून जिवाणूंची वाढ करायची आणि ती स्किमरने काढायची, हीही एक प्रस्थापित पद्धत आहे. मोजूनमापून करणाऱ्यालाच ती मानवते.

माझा कल मात्र वॉल्टर अ‍ॅडी यांच्या बाजूला आहे. अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेत १९८० च्या सुमारास त्यांनी प्रवाळांच्या मोठ्या टाकीसाठी शेवाळाचीच गाळणी बनवली. एक जाळी, तिच्यावरून सतत ओघळणारे टाकीचे पाणी, आणि तिच्यावर रोखलेला प्रखर दिवा. शेवाळाला टाकीपेक्षा तिथे जास्त उजेड, जास्त प्रवाह मिळतो, म्हणून ते तिथे वाढते. आठवड्याला खरवडून काढले की त्याच्याबरोबर नायट्रोजन आणि फॉस्फरस घराबाहेर जातो. ही गाळणी उपनगरातल्या घरात शंभर टक्के बनवता येते. भरतकामाची प्लॅस्टिकची जाळी शिवणसामानाच्या दुकानात मिळते. ती करवतीच्या पात्याने दोन्ही बाजूंनी इतकी खरडायची की हाताला निवडुंगासारखी टोचली पाहिजे, नाहीतर शेवाळ घट्ट धरत नाही आणि सुटून टाकीत परत पडते. पीव्हीसी पाइपला तीन मिलिमीटरची लांब चीर पाडून जाळीची वरची कड तीत बसवायची. जाळीच्या रुंदीच्या दर सेंटिमीटरला तासाला साधारण ५० लिटर पाणी, म्हणजे २० सेंटिमीटर जाळीला हजार लिटरचा पंप. दोन्ही बाजूंना रोपवाटिकेत वापरतात तसे लाल एलईडी, दिवसाला बारा ते अठरा तास. पहिले दोन आठवडे जाळीवर तपकिरी चिखल धरतो, तो हळूच धुऊन काढायचा. मग हिरवे येते. सात ते दहा दिवसांनी जाळी सिंकमध्ये नेऊन शेवाळ खरवडायचे आणि जाळी नळाच्या गोड्या पाण्याने धुवायची, म्हणजे शेवाळ खाणारे बारीक किडेही जातात.

त्याचा हिशेब ढोबळमानाने असा. पिळून काढलेले १०० ग्रॅम ओले शेवाळ सुकून १० ग्रॅमच्या आसपास होते. त्यात दोन ते चार टक्के नायट्रोजन असतो. म्हणजे एका खरवडणीत तीन ते पाच ग्रॅम खाद्याचा नायट्रोजन बाहेर पडला. रोज अर्धा ग्रॅम खाद्य पडणाऱ्या टाकीचा आठवडा त्यात निघतो. ज्यांना एवढी खटपट नको, त्यांनी सम्पच्या, म्हणजे टाकीखालच्या जोडटाकीच्या, एका कप्प्यात दिव्याखाली कीटोमॉर्फा या शेवाळाचा गुंता वाढवावा आणि दर पंधरवड्याला मूठभर काढून टाकावा. सावकाश चालते, पण चालते. हा दिवा रात्री, मुख्य दिवे बंद असताना लावला तर पाण्याचा सामू रात्री जास्त घसरत नाही, हा जादा लाभ.

उजेडाबद्दल फार लांबण लावत नाही. आठ तास पुरेत, निळा जास्त आणि पांढरा-लाल कमी. पण खिडकीकडे लक्ष द्यावे. मुंबईत मे महिन्यात दुपारचा सूर्य डोक्यावर असतो, तेव्हा दक्षिणेच्या खिडकीतून ऊन आत येत नाही आणि आपण टाकी तिथे बिनधास्त ठेवतो. डिसेंबरात तोच सूर्य दुपारी क्षितिजापासून अठ्ठेचाळीस अंशांपेक्षाही खाली असतो, ऊन सरळ टाकीवर येते आणि हिवाळ्यात शेवाळ का वाढले हे कोडे पडते. जाड पडदा हा त्यावरचा उपाय. उकाड्याचे म्हणाल तर मेमध्ये बंद घरातले पाणी ३१-३२ अंशांवर जाते, वाढ आणि सडणे दोन्ही वेगाने होतात. पृष्ठभागावरचा पंखा दोन-तीन अंश उतरवतो. प्रवाळ ठेवायचे असतील तर चिलरला पर्याय नाही, आणि त्याचे वीजबिल टाकी घेण्याआधी धरावे.

शेवाळ खाणारे प्राणी हा लोकांचा लाडका मार्ग. परदेशी पुस्तके ट्रोकस आणि टर्बो गोगलगाई, समुद्री काकडी अशी लांब यादी देतात. ती इथे जशीच्या तशी लागू होत नाही. ट्रोकस निलोटिकस, टर्बो मार्मोरॅटस, सगळ्या समुद्री काकड्या, समुद्री घोडे आणि सगळे दगडी प्रवाळ २००१ सालापासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या याद्यांत आहेत. आपल्या समुद्रातून तोडलेला प्रवाळ किंवा प्रवाळ असलेला जिवंत दगड घरात ठेवणे गुन्हा आहे, मग विकणारा काहीही सांगो. खाणीतला किंवा कृत्रिम कोरडा दगड घेऊन त्यात हळूहळू जिवाणू वसवावेत. वेळ लागतो, पण दगडातून ब्रायोप्सिस आणि फुगेही येत नाहीत. जुहू किंवा बँडस्टँडच्या खडपांवरून गोगलगाई उचलून आणणेही नको. त्या भरती-ओहोटीच्या रेषेवर जगणाऱ्या, टाकीच्या काचेवरून वर चढून बाहेर पडतात आणि मरतात. ओहोटीला ती खडपे पाहायला मात्र जरूर जावे. ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ हा गट २०१७ पासून किनाऱ्यावर लोकांना घेऊन फिरतो, आणि उल्वाचे हिरवे गालिचे कुठे धरतात, कुठे धरत नाहीत, हे तिथे जितके कळते तितके टाकीत बसून कळत नाही.

माशांत लॉनमोअर ब्लेनी दोनशे लिटरला योग्य, पण टाकी साफ झाली की तो उपाशी मरतो, त्याला नोरीच्या, म्हणजे वाळवलेल्या समुद्री शेवाळाच्या, चकत्या लावाव्या लागतात. पावडर ब्लू टँग हा हिंद महासागरातलाच देखणा मासा. तो वीतभर वाढतो आणि दिवसभर पोहतो. वन बीएचकेतल्या टाकीत शेवाळ खाण्यासाठी त्याला कोंडणे मला क्रूर वाटते. आणि कोणताही मासा शेवाळ खाऊन त्याची विष्ठाच करतो, पोषके टाकीतच राहतात.

औषधांबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. ब्रायोप्सिसवर फ्लुकोनॅझोल चालते, हे खरे आहे. माणसांच्या बुरशीवरचे हे औषध, गल्लीतल्या केमिस्टकडे १५० मिलिग्रॅमच्या गोळीत असते, आणि दोनशे लिटरला सहा-सात गोळ्या टाकून दोन-तीन आठवड्यांत ब्रायोप्सिस पांढरे पडते. लाल सायीवर एरिथ्रोमायसिन टाकणारेही आहेत. पण दोन्ही डॉक्टरच्या चिठ्ठीवर द्यायची औषधे आहेत, आणि बदललेले पाणी शेवटी न्हाणीघराच्या मोरीतून घाटकोपर-भांडुपच्या त्याच सांडपाण्यात जाते. कॅन्डिडा ऑरिससारखी बुरशी, जिच्यावर फ्लुकोनॅझोल बहुतेक वेळा चालत नाही, आपल्या रुग्णालयांत माणसांचा जीव घेते आहे. दगडावरच्या केसांसाठी मी ते औषध गटारात सोडणार नाही आणि कुणी सोडू नये असे माझे मत आहे. लाल सायीला गाळ उपसणे, पंपाचे तोंड तिच्याकडे वळवणे आणि टाकीला काळा कागद गुंडाळून तीन दिवस अंधार करणे बहुधा पुरते. ब्रायोप्सिसचा दगड बाहेर काढून ब्रशने घासावा, पसरलेला असेल तर तो दगड उकळून पुन्हा सुरुवात करावी. त्या दगडावर झोआंथिड, म्हणजे प्रवाळांचे मऊ भाऊबंद, बसलेले असतील तर उकळणे जिवावर बेतते. त्यांच्या विषारी वाफेने माणसे रुग्णालयात गेली आहेत. असा दगड कधीही उकळू नये.

संस्थांकडे बघायचे तर आपण चांगल्या जागी राहतो. १९६१ साली स्थापन झालेली केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था अंधेरीतच, वर्सोव्याला आहे. मुलुंडहून पूल ओलांडला की ऐरोलीला राज्याच्या कांदळवन प्रतिष्ठानचे सागरी जैवविविधता केंद्र आहे, आणि क्लाउनफिशसारखे शोभिवंत मासे हॅचरीत जन्माला घालण्याचे काम आता आपल्या देशात होते. अंड्यातून टाकीत वाढलेला मासा बहुधा घरी आल्याच्या पहिल्या दिवसापासून कोरडे खाद्य खातो. समुद्रातून धरलेला मासा अनेकदा खातच नाही, त्याला भुलवण्यासाठी मालक टाकीत खाद्य ओतत राहतो आणि ते सगळे शेवाळाला मिळते. क्लाउनफिश घेताना तो हॅचरीतला आहे का, हे विचारण्याचे हेही एक कारण.

उरला प्रश्न उपसलेल्या शेवाळाचा. ते कमोडात, गटारात किंवा गोराईच्या खाडीत टाकू नये. १९८४ साली मोनॅकोच्या सागरी संग्रहालयाखालच्या समुद्रात कॉलर्पा टॅक्सिफोलिया या शोभेच्या शेवाळाचा एक छोटा पट्टा दिसला आणि पुढे ते भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यांवर पसरत गेले. २००० साली तेच कॅलिफोर्नियाच्या एका खाजणात सापडले, आणि ते पुरते निपटून काढले असे जाहीर करायला २००६ साल उजाडले. आपल्या टाकीतला कॉलर्पा किंवा कीटोमॉर्फा कुठून आला हे आपल्याला माहीत नसते. खरवडलेले शेवाळ बादलीभर गोड्या पाण्यात रात्रभर बुडवावे, मीठ उतरवण्यासाठी दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा धुवावे, खिडकीच्या ग्रिलवर कडक उन्हात वाळवावे आणि कुंडीतल्या मातीत मिसळावे. जास्वंदीला ते चांगले मानवते.